रंगाचा उतार

मागच्या भागात आपण टक्स पेंट हा चित्रं काढायचा प्रोग्राम उघडला, रेघा ओढल्या, गोल-चौकोन काढले आणि त्यात एकेक रंग ओतला. आज त्याच्या पुढची पायरी.

झाडावर पिकायला लागलेला आंबा कधी एका रंगाचा नसतो. देठाकडे शेंदरी, पोटावर पिवळा, टोकाशी अजून थोडी हिरवट झाक. शेंदरी कुठे संपला आणि पिवळा कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. तोच आंबा चित्रात सपाट पिवळा भरला की पिवळ्या कागदाचा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. एका रंगातून दुसऱ्या रंगात असं हळूहळू जाण्याला संगणकावर ‘ग्रेडियंट’ म्हणतात. आपण त्याला रंगाचा उतार म्हणू. घाटाचा रस्ता उतरतो तसा रंग उतरत जातो, मध्ये पायरी नाही.

हे काम आपल्याला नवं नाही. रांगोळीत कमळाची पाकळी भरताना टोकाला गडद गुलाबी सोडतो, आणि देठाकडे येता येता चिमटीत पांढरी रांगोळी वाढवत, गुलाबी कमी करत जातो. मग वरून बोटाने हलकंसं फिरवलं की जोड दिसत नाही. ज्यांच्या बोटांना हे जमतं, त्यांना ग्रेडियंट कळायला पाच मिनिटं पुरतात. एक मात्र सांगतो, पैठणीची धूपछाँव ही वेगळी गोष्ट. तिच्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून पदर हलवला की कधी हा रंग वर येतो, कधी तो. तिथे रंग जागेवरच असतात, आपली नजर बदलते. उतारात मात्र रंग खरोखरच जागोजागी बदलत जातो.

छापलेल्या चित्रात असा उतार आणणं पूर्वी फार कष्टाचं होतं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. लक्ष्मी-सरस्वतीची जी जुनी चित्रं अजून कुणाकुणाच्या देवघरात आहेत, ती अशा छापखान्यांतली. तिथे एका चित्राला दगडाच्या कितीतरी पाट्या लागत. एका रंगाला एक पाटी, आणि प्रत्येक पाटीवर कारागीर हाताने बारीक ठिपके देत. ठिपके दाट असले की रंग गडद, विरळ असले की फिका. लक्ष्मीच्या गालावरची लाली ही त्या ठिपक्यांची करामत. घरात असं जुनं चित्र असेल, तर भिंग धरून बघा. आज छापखान्याचं यंत्रही मुळात ठिपकेच टाकतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लेबल छापताना ती कामाला येणार आहे.

आता प्रोग्रामकडे येऊ. टक्स पेंट खरं तर लहान मुलांसाठी बनवलेला आहे. २००२ साली बिल केंड्रिक या अमेरिकन गृहस्थांनी तो सुरू केला आणि पुढे जगभरातल्या लोकांनी त्यात भर घातली. तो मोफत आहे, कायमचा. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. विंडोजच्या जुन्या संगणकावर चालतो, अँड्रॉइड फोनवरही चालतो. ‘मुलांचा आहे, मग आपण कशाला’ असं गटात कुणी म्हणेल. आमचं मत उलट आहे. मोठमोठ्या प्रोग्राममध्ये पडद्यावर इतकी बटणं असतात की माणूस चित्र काढायच्या आधीच दमतो. इथे डावीकडे हत्यारं, उजवीकडे त्या हत्याराचे प्रकार, खाली रंग, आणि तळाशी पेंग्विन पक्षी, जो पुढे काय करायचं ते सांगतो. सुरुवातीला याहून जास्त लागत नाही.

डावीकडच्या हत्यारांत ‘फिल’ आहे, म्हणजे रंग भरण्याचं. ते दाबलं की उजवीकडे त्याचे प्रकार दिसतात. आपण मागच्या वेळी वापरला तो सपाट भरणारा. आज आपल्याला हवेत ते दोन, ‘लिनियर’ आणि ‘रेडियल’. तुमच्या पडद्यावर ते दिसले नाहीत, तर प्रोग्राम जुना आहे. नवा घ्या, त्यालाही पैसे पडत नाहीत.

लिनियर म्हणजे सरळ रेषेतला उतार. ज्या जागेत रंग भरायचा तिथे बोट किंवा माऊस दाबून ठेवायचा आणि ज्या दिशेने रंग फिका व्हायला हवा त्या दिशेला ओढायचा. सुरुवातीला निवडलेला रंग पूर्ण असतो, ओढत नेलेल्या टोकापर्यंत तो विरत जातो. लांब ओढलं तर उतार संथ, थोडंसंच ओढलं तर एकदम खडी उतरण. तिरपं ओढलं तर तिरपा. सोडण्याआधी हात फिरवून बघता येतं, मनासारखं झालं की सोडायचं.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. रंग विरतो म्हणजे कशात विरतो? खाली आधी जो रंग असेल त्यात. कोरा पांढरा कागद असेल तर लाल विरत गुलाबी होईल आणि मग पांढरा. पण आधी तीच जागा सपाट पिवळी भरली आणि वर लालचा उतार दिला, तर लाल, शेंदरी, केशरी, पिवळा असा प्रवास होतो. म्हणजे दोन रंगांचा उतार हवा असेल तर काम दोनदा करायचं. आधी खालचा रंग सपाट, मग वरचा रंग उतरता. आपण भिंतीला आधी पांढऱ्या मातीचा हात देतो आणि मग वर रंग काढतो, तसंच.

रेडियल म्हणजे गोलाकार उतार. जिथे टेकवाल तिथे रंग सगळ्यात दाट, आणि तिथून चहूबाजूंनी विरत जातो. पाण्यात खडा टाकल्यावर वलयं उठतात तसा. पणतीचा उजेड दाखवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मागची सगळी जागा गडद जांभळी किंवा काळसर भरा, मग पिवळा रंग घ्या, रेडियल निवडा आणि ज्योत जिथे येणार तिथे टेकवा. अंधारात उजेड पसरलेला दिसेल. नंतर त्यावर पणती आणि ज्योत काढा. दिवाळीचं शुभेच्छापत्र तयार.

आंब्यालाही रेडियलच वापरा, पण मधोमध नाही. आंब्याची बाहेरची रेघ काढा, कुठे फट ठेवू नका. आत सपाट केशरी भरा. मग फिका पिवळा घेऊन वर डाव्या बाजूला, म्हणजे ऊन जिथून पडतं असं आपण ठरवलं तिथे, टेकवा. पोटाला गोलाई येते. मधोमध टेकवलं तर आंबा विजेच्या दिव्यासारखा आतून पेटल्यासारखा दिसतो. एका चित्रात चार आंबे असतील तर चारही आंब्यांवर ऊन एकाच बाजूने पडू द्या. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं, ते बहुतेक वेळा हेच असतं.

नव्या आवृत्त्यांत तिसराही एक प्रकार आहे, आकाराच्या कडेकडेने जाणारा. तो पानाला आणि पाकळीला छान दिसतो. करून बघा, शिकवण्यासारखं त्यात फार नाही.

दोन अडचणी मात्र हमखास येतात. पहिली, रेघेत फट राहिली तर रंग बाहेर सांडतो आणि सगळा कागद भरून जातो. माठाला तडा असला तर पाणी राहत नाही, तसं. अशा वेळी मागे नेणारं ‘अनडू’ बटण दाबा, फट बुजवा, पुन्हा भरा. दुसरी अडचण जरा फसवी आहे. एकदा उतार दिला की ती जागा प्रोग्रामच्या लेखी एका रंगाची उरत नाही. मग त्याच जागेत पुन्हा रंग भरायला गेलात तर एखादाच पट्टा भरतो आणि चित्र कुरतडल्यासारखं दिसतं. म्हणून उतार पसंत पडला नाही तर त्यावर दुसरा मारू नका. अनडूने मागे जा, सपाट रंगावर या आणि तिथून पुन्हा सुरू करा. आणि मागचं आकाश, जमीन, डोंगर यांचे उतार आधी उरकून घ्या. सूर्य, झाड, माणसं त्यांच्यावर नंतर काढा.

आता रंगांच्या जोड्या. इथे संगणक आपल्या हाताच्या अनुभवाशी भांडतो. निळा आणि पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे आपण शाळेतल्या रंगपेटीपासून बघत आलो. पडद्यावर निळ्यापासून पिवळ्यापर्यंत उतार देऊन बघा. मध्ये हिरवा येतच नाही. राखाडी, राखेसारखा मळका पट्टा येतो. कारण असं, की पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तीन दिव्यांनी उजळतो, लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक दिव्याची तेजी ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतात. पिवळ्यात लाल आणि हिरवा पूर्ण पेटलेले, निळा बंद. निळ्यात फक्त निळा पेटलेला, बाकी दोन बंद. दोघांच्या मधोमध गेलं की तिन्ही दिवे अर्धे अर्धे पेटतात. तिन्ही सारखे पेटले की रंग उरत नाही, राखाडी होतो. रंगाची पावडर प्रकाश खाते, पडदा प्रकाश देतो, म्हणून दोघांचं गणित निराळं. लाल ते हिरवा हा उतारही असाच मध्ये शेणकट होतो. मिरचीच्या चित्रात हे हमखास दिसतं, देठाचा हिरवा आणि मिरचीचा लाल एकमेकांत विरवायला गेलं की.

उपाय सोपा आहे. शेजारचे रंग जोडा. पिवळा-केशरी, केशरी-लाल, लाल-जांभळा, जांभळा-निळा. इंद्रधनुष्यात जे शेजारी बसतात ते एकमेकांत सुखाने विरतात. संध्याकाळचं आकाश काढायचं तर खाली क्षितिजाशी केशरी भरा आणि वरून जांभळा ओढत आणा. मध्ये विटकरी लाली येते, खऱ्या संध्याकाळी येते तशी. किंवा मग एकाच रंगाचा गडद आणि फिका घ्या, तो कधीच दगा देत नाही.

पण फार जवळचे दोन रंग घेऊन मोठी जागा भरली तरी त्रास होतो. समजा दोन छटांत वीसच आकड्यांचा फरक आहे आणि कागद ६०० ठिपके रुंद आहे. मग ३० ठिपक्यांपर्यंत रंग तोच राहणार, मग एक पायरी, पुन्हा ३० ठिपके तोच. म्हणजे उतार न होता जिना होतो, आणि नीट बघितलं तर पट्टे दिसतात. मोठ्या आकाशाला दोन टोकांत अंतर जास्त ठेवा. छोट्या जागेत जवळचे रंग चालतात.

हे सगळं शिकून करायचं काय? बऱ्याच गटांना हे हवं असतं ते लेबलासाठी. मसाला, लोणचं, पापड, नाचणीचं सत्त्व. माल चांगला असतो, पण पाकिटावर लावायचं चित्र बाहेरून करून घ्यायचं म्हणजे खर्च. चित्र आपणच काढलं तर तेवढे पैसे गटात राहतात. म्हणून इथे जरा थांबून बोलू, कारण ग्रेडियंटने सगळ्यात जास्त नुकसान होतं तेही लेबलावरच.

नव्याने उतार शिकलेला हात थांबत नाही. अख्खं लेबल वरून गडद लाल, खाली पिवळं, आणि त्यावर काळ्या अक्षरांत मजकूर. पिवळ्यावर काळं छान वाचता येतं, लालवर तेच अक्षर बुडून जातं. अक्षर पांढरं केलं तर उलट होतं, वर दिसतं आणि खाली गायब. कुठलाही एक रंग घेतला तरी ओळ कुठेतरी बुडणारच. आणि लेबलावरचा मजकूर म्हणजे शोभा नव्हे. पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलं, निव्वळ वजन, किंमत, कधी बनवला, कधीपर्यंत खायचा, कुणी बनवला, अन्नसुरक्षेचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक, आणि शाकाहाराची हिरवी खूण, चौकोनात हिरवा ठिपका. यातलं काही वाचता आलं नाही तर दुकानदार माल ठेवायला कां कूं करतो, तपासणीत प्रश्न निघतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, शेंगदाणा सोसत नाही अशा मुलाच्या आईला चटणीत शेंगदाणा आहे हे पाकीट हातात घेतल्याबरोबर कळलं पाहिजे. हिरवी खूण हिरवट उतारावर बसवली तर ती असून नसल्यासारखी.

म्हणून आम्ही असं सांगू. उतार चित्रापुरता ठेवा, म्हणजे मिरचीला, आंब्याला, हळकुंडाला. मजकुराखाली सपाट पांढरी किंवा फिकी पिवळी पट्टी ठेवा आणि अक्षर काळं घ्या. सगळ्या लेबलाला मागून उतार द्यायची फारच हौस असेल, तर दोन्ही टोकं फिकी घ्या, फिका केशरी ते फिका पिवळा, म्हणजे काळं अक्षर दोन्हीकडे टिकतं. मग छापायला टाकण्याआधी एक नमुना काढा आणि त्याची साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. झेरॉक्समध्ये रंग जातो आणि फक्त गडद-फिका उरतो. तिथे ज्या ओळी वाचता येत नाहीत, त्या रंगीत लेबलावरही चष्मा विसरलेल्या माणसाला वाचता येणार नाहीत. दोन-चार रुपयांचं काम आहे, पण त्याने शेकडो लेबलं वाया जायची वाचतात.

मजकूर टक्स पेंटमध्ये लिहू नका, छापखान्यात टाईप करून घ्या. याला कारण ठिपक्यांचं. छापील कामाला एका इंचात ३०० ठिपके असले की चित्र नितळ येतं. टक्स पेंटची खिडकी ८०० ठिपके रुंद असेल तर मधला कागद साधारण ६०० ठिपक्यांचा असतो. म्हणजे तो दोन इंच रुंदीपर्यंत उत्तम छापेल. छोट्या बरणीच्या लेबलावरच्या आंब्याला दोन इंच पुष्कळ झाले. तोच आंबा ओढून ताणून फ्लेक्सवर लावला तर कडांचे चौकोन दिसू लागतात. उतार तसा फुगवला तरी फार वाईट दिसत नाही, कारण त्याला कडाच नसतात, पण बारीक अक्षराचं मात्र पार वाटोळं होतं. मोठं चित्र हवं असेल तर आधी खिडकी पडद्याएवढी मोठी करून मग काढायला बसा. काढून झाल्यावर मोठं करण्यात अर्थ नाही.

कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करून घेणाऱ्या गटांनी तर उताराच्या वाटेला जाऊच नये. स्क्रीनच्या जाळीतून शाई उतरते किंवा उतरत नाही, अर्धी उतरत नाही. तिथे उतार दाखवायचा म्हणजे पुन्हा रविवर्म्यांच्या कारागिरांसारखे बारीक ठिपके पाडावे लागतात, आणि जाडसर कापडावर ते ठिपके नीट बसत नाहीत, एकमेकांत पसरतात. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, वेगळे पैसे. पिशवीला एक किंवा दोन सपाट रंग, ठसठशीत आकार. ते स्वस्तही पडतं आणि लांबूनही दिसतं.

वारलीचंही तसंच. अलीकडे वारलीच्या माणसांच्या अंगात पिवळा-लाल उतार भरलेली शुभेच्छापत्रं दिसतात. आम्हाला ती आवडत नाहीत, हे स्पष्टच सांगतो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणसाचं अंग, एवढ्यात ती कला अख्खी उभी आहे. लग्नाचा चौक सवाशिणी काढत, आणि पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रात ऊन एका बाजूने पडत नाही, कुणाला पोट नाही, सावली नाही. गोलाई दाखवायचीच नसेल तर उतार कशाला? मागच्या गेरूच्या रंगाला हवं तर किंचित गडद-फिका करा, भिंत खरी वाटेल. माणसांना हात लावू नका.

शेवटी चित्र जपून ठेवायचं. टक्स पेंट नाव विचारत नाही. ‘सेव्ह’ दाबलं की चित्र आतच ठेवतो आणि ‘ओपन’ दाबल्यावर सगळी चित्रं छोटी छोटी करून दाखवतो. छापखान्याला पाठवायला ते बाहेर काढावं लागतं. त्यासाठी ‘ओपन’च्या पडद्यावर चित्र निवडून ‘एक्स्पोर्ट’ दाबा, मग ते संगणकातल्या चित्रांच्या फोल्डरमध्ये मिळेल. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते दाबून लहान केलं जातं, आणि तेव्हा सगळ्यात आधी बिघडतो तो हाच, आपण जपून केलेला उतार. त्यात पट्टे पडतात. छापखान्यातून पहिला नमुना आला की तो दिवसाच्या उजेडात, दारात उभं राहून बघा. ट्यूबलाइटखाली केशरी वेगळा दिसतो.

पुढच्या भागात आपण अक्षरांकडे वळू. मराठी टंक कुठले घ्यायचे, आणि जोडाक्षरं फुटतात ती का, ते सांगू. तोवर प्रत्येक गटाने एक आंबा आणि एक पणती काढून ठेवा.